कुशाबाईच्या ओढ्यावरचा मुक्काम

मी ठमाबाई भीमा कोळेकर, वय पन्नास, राहणार सुपे, तालुका बारामती. शिक्षण दुसरी. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दाब नाही. दाब टाकणारा अजून जन्मायचाय. येत्या सोमवारी पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून माझ्या मागं काय कुणाचं ते लिहून ठेवते.

राहतं घर मुलगा दिग्विजय यास. तो एमआयडीसीत कामाला जातो. त्याची बायको मेंढराच्या वासानं नाकाला पदर लावते. त्यांना मेंढरं देऊन मेंढरांचे हाल कशाला?

मालक वारल्यापासून मेंढरं माझी आहेत. ती, घोडी आणि लोकरीची कातर मुलगी मनिषा हिला. ती सासर सोडून आली आहे. का, ते इथं लिहायचं कारण नाही. कळपामागं लहानपणापासून तीच चालली.

कोकणात उतरताना भोरपलीकडच्या घाटात एका ओढ्यावर आमचा मुक्काम असतो. तो मुक्कामही मनिषाचा. यावर माझे दीर सोपानराव काल दारात उभं राहून म्हणाले, "वैनी, मुक्काम बापाकडनं पोराकडं जातो. बाईचा मुक्काम कुठं ऐकलाय?"

मी पेटीतला त्या घाटाचा जुना नकाशा काढला. इंग्रजांच्या वेळी साहेब ते डोंगर मोजायला आला, तेव्हा सासरे म्हस्कू त्याच्याकडं कामाला होते. ते वर शिखरावर झेंडी धरून उभे, खाली सासूबाई मेंढरांना पाणी पाजत होत्या. साहेबाच्या कारकुनानं विचारलं, ओढा कुणाचा? सगळे म्हस्कूचा ओढा म्हणायचे. पण बाईनं नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? म्हणाल्या, "घरचाच हाय." मग तुझं नाव काय? ते त्यांनी सांगितलं. नकाशात छापून आलं, कुशाबाईचा ओढा. सासऱ्यांनी कधी दुरुस्त करून घेतलं नाही.

डोंगराच्या रेघांमधून बोट फिरवत मी ते नाव दाखवलं.

"वाचा भावजी."

"ही तर आमची आई."

"मग? आई काय बाप्या व्हती?"

"तुमच्या तोंडी कोण लागंल, वैनी!" म्हणून ते गेले.

नकाशा मनिषाला. दिग्विजयनं काच लावून भिंतीला टांगायची हौस करू नये. नकाशा घाटात लागतो.

दिवाळी झाली की कळप निघेल. मी नसले तर मनिषानं माझ्या महिन्याच्या श्राद्धासाठी परत फिरू नये. पुढं ती चालेल, मुक्काम ती ठरवेल. सोपानरावांना पटत नसेल तर त्यांनी आपली मेंढरं वेगळी काढावीत.

हे माझ्या हातानं लिहिलं, वाचून बघितलं.

सुपे, ४ ऑक्टोबर १९९४
सही: ठमाबाई भीमा कोळेकर

साक्षीदार:
१. साखरबाई राम हाके, शेजारीण (अंगठा)
२. सोपान म्हस्कू कोळेकर, दीर. मेंढरं वेगळी काढत न्हाय.