गुळातलं लोखंड

कोल्हापूर, रविवार

चि. सौ. मोनास,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. पुण्यात सगळी खुशाल असालच. भाऊजींचा खोकला थांबला का? फोनवर विचारलं असतं, पण माझा फोन लागला की आत्याबाई स्पीकर चालू करून शेजारी बसतात (सासूचे कान आहेत ते), म्हणून लाडवांच्या डब्यातून ही चिठ्ठी.

दिवाळीत तू आत्याबाईंना लोहाच्या गोळ्यांची बाटली दिलीस, फार चांगलं केलंस. (मी बारा वर्षं गूळ-अळिवाचे लाडू देतेय, ते कुणाच्या लक्षात यायचं कारण नाही.) महिन्याभरात त्यांचं रक्त वाढलं आणि गल्लीभर तुझं नाव झालं. "मोनाच्या गोळीनं जिना चढाय लागली की मी," असं त्या भाजीवाल्यालासुद्धा सांगतात. जिन्यात हात मात्र माझा धरतात. मोना, माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू?

मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे (तू पुण्यात 'ताई बाटल्या धुतात' असं सांगतेस, तेही मला ठाऊक आहे). काल तुझी गोळी कुटली, सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवून गाळली आणि ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडलं. लोह असेतोवर रंग नाहीसा होतो. फिका गुलाबी टिकला की थांबायचं. जितकं परमँगनेट खपेल तितकं लोह. बाटलीवर साठ मिलिग्रॅम लिहिलंय. तीनदा केलं, तिन्हीदा साठाच्या आसपासच. एखादी तरी गोळी खोटी निघावी की नाही! मग इरेला पेटून माझा लाडू घेतला. ब्युरेट रिकामी झाली, पुन्हा भरली, तरी गुलाबी रंग टिकेना. हिशेबानं एका लाडवात दाराच्या कडीएवढं लोखंड! तिथूनच आत्याबाईंना फोन लावला, शेजारच्या शालूबाईंनाही.

एवढ्यात आमचे शिवशरण सर आले, वही बघितली आणि हसत सुटले. "अवो मॅडम, गूळबी परमँगनेट खातोय की! लोखंड कुठलं, गूळ मोजलासा तुम्ही."

घरी येऊन कबूल करावं लागलं. आत्याबाई पोळपाट पुसत म्हणाल्या, "म्हंजी मोनाची गोळी खरी हाय, हे तूच शाबीत केलंस व्हय?"

बाकी ठीक. लाडू गोड मानून खा. त्यात लोह किती, ते विचारू नकोस.

तुझी,
क्रांती

ता. क. गोळ्या चांगल्या आहेत. आणखी दोन बाटल्या माझ्या नावावर पाठव. मीच आणल्या, असं सांगेन.

आणखी ता. क. खरं लिहायचं ते राहिलंच. काल माझं ऐकल्यावर आत्याबाईंनी बॅग भरली. मोनाचं तोंडावर कौतुक करायचंय आणि थंडी सरेपर्यंत तिच्याकडंच राहायचंय, म्हणतात. तू त्यांना काहीही सांग. लिफ्ट बंद आहे म्हण, पाहुणे आलेत म्हण, घराला रंग काढलाय म्हण. बारा वर्षांत कॉलेजातून आल्यावर मला एकटीनं चहा प्यावा लागलेला नाही. आत्ताही आतून हाक आली, "क्रांते, च्या निवाय लागलाय बघ." जाते.