किंकाळी कुणाची

शनिवार, नाशिक. दिवेलागण.

मी सांगते, नात जुई लिहिते. अक्षर तिचं, बोलणं माझं.

काल त्या परग्रहावरच्या मालिकेत यंत्रमानवाचा डोळा लाल झाला आणि घरात किंकाळी फुटली. सूनबाई पोळी तव्यावर टाकून धावत आली. जुई म्हणाली, "मम्मी, मी ओरडले." झालं! मालिकाच बंद. लहान मुलांसाठी लय भयानक आहे म्हणे.

मुलांसाठी? जुई तर शेंगा सोलत बघत होती. ओरडले मी. घोटीच्या रानात समोरासमोर बिबट्या पाहिलेली बाई, आणि पत्र्याच्या लाल डोळ्याला भ्याले! वर गप्प बसले. का? लाज वाटली, दुसरं काय. नऊ वर्षांच्या पोरीनं माझी अब्रू झाकली आणि शिक्षाही तिलाच. दिवसभर टोचत राहिलं.

आज भाजी निवडताना सूनबाईला सांगून टाकलं. हसून हसून ती ओट्याला टेकली. म्हणाली, "आई, मग जुईला बघू दे. तुम्ही डोळ्यांवर पदर घ्या."

घेईन की. लुगडं जुनं, पदर विरलेला. लाल डोळा त्यातूनही चांगला दिसेल.

जुई, हे शेवटचं लिहू नको.