खुर्ची आधी उलटी करावी

प्रिय शंकासुरा,

तू टॅबलेटवर पाठवलेलं डोळ्यांच्या थेंबांचं पान मिळालं. जिन्यावरच बसून दोनदा वाचलं आणि लगेच पटलंही. रोज दोन थेंब, मोतीबिंदू आपोआप विरघळणार, कापाकापी नाही. खाली तू लिहिलं होतंस, आत्या, आता सुरीखाली मान द्यायला नको. मी मान नाही, डोळा देणार होते, पण भावना पोचली. लहानपणी चंद्र आपल्या मागे मागे का येतो म्हणून माझं डोकं खाणारा तू, आणि या पानाबद्दल तुला एकही शंका आली नाही, याची मात्र गंमत वाटली. माझी अवस्था तुला ठाऊक आहेच. खुर्चीच्या वेताची वीण आता बोटांनी चाचपते, पॉलिशचा रंग खिडकीशी नेऊन बघते, तरी परवा एका गिऱ्हाइकाची तांबूस खुर्ची काळपट करून ठेवलीच. तो भला माणूस म्हणाला, अशीच छान दिसते. पण असे भले लोक किती पुरणार? डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, ऑपरेशन करून टाका. आणि आपल्या घरात ऑपरेशन म्हटलं की तुझ्या आजीचा विषय निघतोच: चांगली हिंडतीफिरती बाई, ऑपरेशन केलं आणि डोळे गेले. हे वाक्य ऐकत तू मोठा झालास, मी त्याच धास्तीत म्हातारी झाले. म्हणून ते थेंब खरे निघावेत असं मला फार वाटत होतं.

पण धंद्याची खोड जात नाही. कोणी जुनी खुर्ची विकायला आणली की मी आधी ती उलटी करते. वरून सगळ्याच चकाकतात. खालून कळतं, सांधा खाचेत बसवलाय की खिळा ठोकून दडपलाय, लाकूड अस्सल आहे की भुशाच्या फळीवर नुसता पापुद्रा. म्हटलं, हे पानही उलटं करून बघू. टॅबलेटवरचं अक्षर बशीएवढं केलं. लिहिणाऱ्याचं नाव कुठे नव्हतं, तारीख नव्हती. थेंब मागवायचं बटण मात्र जागोजागी होतं. पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या डॉक्टरांचा फोटो होता, त्यावर माझा जीव जडला होता. वाचनालयातल्या बाईंनी मला फोटोवरून शोधायला शिकवलं. तर काय, तेच गृहस्थ एका पानावर दंतवैद्य निघाले आणि दुसऱ्यावर मांजरांचे डॉक्टर. माणूस कष्टाळू असावा.

तरी मी चिवट. म्हटलं, एक पान खोटं असेल, पण हेच सांगणारी आणखी किती पानं आहेत. सगळी शेजारी शेजारी ठेवून वाचली. प्रत्येकात तीच आजीबाई, पहिल्या ओळीत सत्तरीची आणि चार ओळींनंतर साठीची. थेंबांनी वयही उतरत असावं. मग ध्यानात आलं, चूकसुद्धा सारखीच म्हणजे ही सगळी एकाच साच्यातून निघालेली. गर्दी दिसते, पण साक्षीदार एकच. ‘संशोधनाने सिद्ध’ असंही लिहिलं होतं, म्हणून त्या संशोधनाचाही माग काढला. बाईंनी बसून समजावून दिलं. प्रयोग खरा होता, पण तो काचेच्या भांड्यात ठेवलेल्या भिंगांवर, आणि माणसांचं अजून काही सांगता येत नाही हे त्याच लोकांनी शेवटी स्वच्छ लिहिलं होतं. थेंबवाल्यांनी तेवढी ओळ गाळली.

मधे दादा येऊन गेला. तुझा बाप तो, या सगळ्यावर त्याचं मत काय असणार! म्हणाला, त्या यंत्राला विचारण्यापेक्षा शेजारणीला विचार, तीही तितकीच थापा मारते, पण चहा तरी पाजते. हात लागून टेबलाच्या कडेचा पेला सांडला, उठून जाताना खांदा चौकटीवर आपटला, आणि वर मलाच ऐकवलं, सुतारकाम करणाऱ्या बाईच्या घरात चौकटी एवढ्या अरुंद! आम्ही पोट धरून हसलो.

तर सांगत होते ते असं, की बाईंनी माझीही खुर्ची उलटी केली. मी आधी काय विचारलं होतं ते त्यांनी पाहिलं. मी लिहिलं होतं, ‘मोतीबिंदूच्या ऑपरेशनने आंधळेपणा’. बाई म्हणाल्या, अहो, तुम्ही उत्तर सांगूनच प्रश्न विचारताय, ते यंत्र बिचारं मान डोलावणारच. मग सरळ विचारलं, मोतीबिंदूवर उपाय काय. मोठ्या इस्पितळांची, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संस्थांची पानं निघाली. त्यांवर नाव होतं, तारीख होती, आणि ऑपरेशनात क्वचित काय बिघडू शकतं तेही लिहिलेलं होतं. माझा विश्वास तिथेच बसला. जो विकणारा आपणहून कच्चा सांधा दाखवतो, त्याच्याकडून खुर्ची घ्यावी. थेंबांचा नाद सोडला.

त्याच पानांवर शेजारी काचबिंदूची माहिती होती. सहज वाचायला घेतली आणि हात थांबला. त्यात दुखत नाही, खुपत नाही, समोरचं बराच काळ नीट दिसतं. बाजूबाजूचं हळूहळू मिटत जातं आणि गेलेली नजर परत येत नाही. मी मावशीला फोन लावला. आईबरोबर दवाखान्यात तीच जायची. तिला उत्तर न सुचवता विचारलं, आईची पहिली तक्रार काय होती? मावशी म्हणाली, तक्रार कसली, ती म्हणायची नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि सारखी धडपडायची. ऑपरेशनच्या आधी? तर म्हणाली, आधीच की गं, म्हणून तर नेलं तिला. म्हणजे आपण इतकी वर्षं ज्या वाक्याला घाबरलो, ते कोणी उलटं करून पाहिलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नुसत्या आठवणीवरून छातीठोक सांगता येणार नाही, पण काचबिंदूची शक्यता आहे. माझे डोळे त्यासाठीही तपासले. मला फक्त मोतीबिंदूच आहे. ऑपरेशनची तारीख मी घेतली. निघताना त्यांनी विचारलं, तुम्हाला भावंडं आहेत का, कारण हा आजार घराण्यात उतरू शकतो.

आज सकाळी मी टेप घेऊन माझ्या दाराची चौकट मोजली. ती बसवली तेव्हा होती तेवढीच आहे. म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर शेजारी बसून दादाने ऐकलं असतं, आणि धाकट्या बहिणीने सांगितलं म्हणजे तो मुद्दाम जाणार नाही. तेव्हा माझ्या ऑपरेशनला सोबत हवी म्हणून त्याला घेऊन ये. बहीण घाबरली म्हटलं की धावत येईल, आणि ते काही अगदीच खोटं नाही. त्याचे डोळे तिथेच तपासायचे, डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलंय. वेळेत सापडलं तर आहे तेवढी नजर थोपवता येते. पेला सांडला, खांदा आपटला, एवढ्यावरून मी काही ठरवत नाही. मी खुर्च्या दुरुस्त करणारी बाई. माझं हे पानही तू उलटंपालटं करून बघ, शंका काढ. थेंब खरे निघावेत म्हणून मी जेवढा जीव टाकला, त्याच्या दुप्पट आता माझं हे शोधणं खोटं निघावं म्हणून टाकतेय. पण तपासल्याशिवाय नको रे बाळा. लवकर या दोघे.

चौकटीत वाट बघणारी,
तुझीच आत्या