जावयाचा पलंग आणि सेकंदाला अकरा फ्रेम

१८ मे, सोमवार. मुलचेरा.
अधिक महिना लागला. सासरे गुणवंतराव यांचा चंद्रपूरहून फोन: दोन्ही जावयांनी ३१ तारखेला, रविवारी, धोंड्याच्या जेवणाला यावे. अनारसे, वाण, सगळे यथाविधी.

आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चंद्रपुरातला मे. सासऱ्यांच्या घरी कूलर एक आणि त्याच्या थेट वाऱ्यात पलंग एक. जेवणानंतर त्या पलंगावर ज्येष्ठ जावयाने आडवे व्हायचे, ही रूढी. ज्येष्ठ जावई मी. आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

आज धाकट्या साडूने घेतली. अजय. नोकरी चंद्रपुरात, कीबोर्डला लाल-हिरवे दिवे. फोनवर म्हणाला, साडभाऊ, तुम्हीच म्हनलं होतं ना, गेम म्हंजे पोरखेळ, एका दिवसात शिकून घेतो म्हनून? मंग होऊन जाऊ द्या गाडीची रेस. जिंकन त्याचा पलंग.

बातमीदाराने आव्हान नाकारू नये. हो म्हटले. शनिवारी, ३० ला, ऑनलाइन सामना.

मला गेममध्ये रस शून्य. प्रश्न रूढीचा आहे.

१९ मे, मंगळवार.
गेम उतरवला. सुरू केला. लोड होईपर्यंत आंघोळ, चहा आणि 'उष्म्याचा तडाखा कायम' ही बातमी फोनवरून पाठवून झाली.

मग गाडी दिसली. ॲक्सिलरेटर दाबला. गाडी निघाली नाही. पुन्हा दाबला. एकदम भिंतीत. मधला प्रवास मला दाखवलाच नाही. कोपऱ्यात आकडा: ११. सेकंदाला अकरा चित्रे. अजयकडे साठ म्हणे. म्हणजे तो जे एकोणपन्नास वेळा जास्त पाहतो ते न पाहता मी गाडी हाकायची.

दोष कौशल्याचा नाही, यंत्राचा आहे, हे सिद्ध झाले. सराव यंत्र सुधारल्यावर.

२० मे, बुधवार.
'लो-एंड पीसीवर गेम लोण्यासारखा चालवा' असले व्हिडिओ पाहिले. किळस आली. प्रत्येक पोरगा आधी बेल दाबा म्हणतो, मग लाइक करा म्हणतो, मग मुद्द्यावर येताना जाहिरात लागते. तरी सार काढले. सेटिंग्जमध्ये जाऊन एकेक सुख सोडायचे.

सावल्या बंद. प्रतिबिंबे बंद. ढग बंद. प्रेक्षक बंद. हे उपनिषदांच्या पद्धतीचे आहे: हे नाही, हेही नाही. उरेल ते ब्रह्म. आकडा १५.

मग 'व्हेजिटेशन' असा पर्याय दिसला. क्षणभर हात थांबला. वृक्षतोडीवर या तालुक्यातून सर्वांत जास्त बातम्या मी दिल्या आहेत. मग ऑफ केले. एका क्लिकमध्ये अख्खे जंगल भुईसपाट. ना पंचनामा, ना गुन्हा नोंद. आकडा १९.

प्रगती आहे.

२२ मे, शुक्रवार.
बाजारातल्या बिरजूच्या कॉम्प्युटर दुकानात गेलो. रॅम वाढवून दे म्हटले. म्हणाला, भाऊ, याची रॅम आता म्युझियममंदी भेटन. नवाच घेऊन टाका. मी म्हटले, मी सल्ला मागितलेला नाही. तो म्हणाला, मी बी पैसे नाई मांगले जी.

उद्धट.

घरी येऊन कॅबिनेट स्वतः उघडले. आत जे होते ते लिहिताना शिसारी येते. पंख्यावर धुळीची गोधडी. मदरबोर्डवर पालीची अंडी, आणि शेजारी, बहुधा त्यांची आई, वाळलेली. ब्रशने सगळे घासून काढले. ब्रश जुना समजून घेतला होता. चंदा संध्याकाळी बाथरूममधून ओरडली: अवो, माह्या बरशाले हे काय लागून हाय?

काही गोष्टी पत्नीला कळू नयेत यातच गृहस्थाश्रमाचे हित असते.

२३ मे, शनिवार.
एक 'गेम बूस्टर' बसवला. फुकट. एका बटणात संगणक रॉकेट, असे वचन. बटण दाबले. रॉकेट कुठे गेले ठाऊक नाही, पण स्क्रीनवर टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या जाहिराती यायला लागल्या. आकडा १९ वरून ९.

दुपारभर बूस्टर काढत बसलो. निघताना त्याने विचारले, आम्ही कुठे कमी पडलो? असल्या निर्लज्जपणाला काय म्हणावे.

सराव सोमवारपासून.

२५ मे, सोमवार.
खरे कारण सापडले! यंत्र तापते. तापले की स्वतःहून हळू होते. माणसासारखेच आहे. म्हणजे हवा वारा.

आमचा कूलर पुढच्या खोलीत खिडकीला, तोंड चंदाच्या खाटेकडे. फिरवला. कॅबिनेटचे झाकण काढले आणि थेट वारा आत. आकडा २४!

चंदा शेतावरून भाजी घेऊन आली. लाल झालेली. दारातच उभी राहून बघत होती. म्हणाली, कूलर तिकडं काऊन फिरवला जी? मी शास्त्र समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, म्हंजे मानूस तापला तं चालते, डब्बा नाई तापला पाह्यजे?

मुद्दा भावनिक होता. ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन ती शेजारच्या रुखमाबाईकडे जाऊन बसली. स्वयंपाकाला तेवढी आली. भाजीत मीठ नव्हते. मी मागितले नाही. तत्त्व.

२६ मे, मंगळवार.
कूलरचा वारा ओला असतो, हे आधी कुणी का सांगितले नाही? कीबोर्डचे 'अ' बटण चिकटले. पडद्यावर दव. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या खांद्यापर्यंत. कूलरमधले पाणी काढून टाकले. आता नुसताच पंखा, गरम वारा. पण यंत्र खूष. आकडा २६.

आजची बातमी: 'दुपारी घराबाहेर पडू नका, गारव्यात बसा, डॉक्टरांचा सल्ला.' टाइप करताना घामाने चष्मा तीनदा घसरला. चंदा दाराशी उभी राहून वाचत होती. म्हणाली, लिवा, लिवा. लोकायले तरी समजन.

२८ मे, गुरुवार.
विजय. रिझोल्यूशन आणखी उतरवले, 'टेक्स्चर' अगदी तळाला नेले. गाडी आता लाल साबणाच्या वडीसारखी दिसते, रस्ता तपकिरी, जमीनही तपकिरी. आकडा ४१! लोणी!

चंदाला हाक मारून दाखवले. तिने वाकून बराच वेळ पाहिले. म्हणाली, रोड कुठी हाय? मी म्हटले, समोर. ती म्हणाली, समोर तं सगळंच हाय.

सामान्य माणसाला फ्रेम कळत नाहीत.

सराव उद्या.

२९ मे, शुक्रवार.
पंचायत समितीत सभा. सराव राहिला. एवढे सुरळीत यंत्र असल्यावर सरावाची गरजही नसावी. अजयला मेसेज टाकला: पलंगावरची चादर धुऊन ठेवायला सांगा. त्याने नुसता अंगठा पाठवला. घाबरला.

३० मे, शनिवार.
सामना झाला.

सुरुवात माझी उत्कृष्ट होती. सरळ रस्त्यावर मी अजयच्या पुढे, हे नोंदवून ठेवतो. फोन स्पीकरवर होता. अजय म्हणाला, वा साडभाऊ! मी म्हटले, ही तर सुरुवात आहे.

मग वळण आले, असे म्हणतात. मला दिसले नाही. त्या रस्त्याचे वळण झाडांच्या रांगेवरून कळते म्हणे, आणि झाडे मी दहा दिवसांपूर्वीच साफ केलेली. आयुष्य जंगलात गेले. इथे रस्ता म्हणजे दोन्हीकडच्या झाडांमधली फट, हे मला कुणी सांगायला हवे होते का? मी पूर्ण वेगात सरळ. फोनमधून अजय ओरडला, अरे अरे, कुठी चालले? तिकडं रोड नाई जी, नदी हाय!

नदीही तपकिरी होती.

गेमने गाडी उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवली. ज्याला तो रस्ता म्हणतो त्यावर. मी पुन्हा नदीत. मग दुसऱ्या बाजूने नदीत. अजयने शर्यत पूर्ण केली, परत येऊन काठावर गाडी लावली आणि बघत बसला. हॉर्न वाजवून दिशा सांगत होता. त्याची बायको रंजीता मागून हसत होती. चंदाही हसली. आठवड्यात पहिल्यांदा.

संपूर्ण सामन्यात माझे यंत्र एकदाही अडखळले नाही. प्रत्येक बुडणे अतिशय सुरळीत दिसले.

ज्या खेळात झाडे काढण्याची मुभा आहे तो खेळ मुळातच अनीतीचा. वीट आला. गेम काढून टाकला.

कूलर चंदाने केव्हाच फिरवून घेतला होता.

३१ मे, रविवार. चंद्रपूर. दुपारी.
जेवण उत्तम. अनारसे जाळीदार. वाण घेतले. अजयशी सामन्याविषयी बोलणे टाळले. तोही बोलला नाही, हे मला आवडले नाही.

जेवणानंतर मी चादर काखेत मारून, मान ताठ ठेवून, स्वतःहून पडवीकडे निघालो. हरलेल्याने कसे वागावे याचा वस्तुपाठ. अजयने हाताला धरले. म्हणाला, नाई साडभाऊ, तुम्ही आत झोपा. या वयात उन्हाच्या झळीत पडले, काई झालं तं लोकं मले शिव्या देतीन. सासरे म्हणाले, हो बापू, तुमाले घाम बी लई येते. सासूबाईंनी उशी बदलून दिली. चंदाने दार लोटून घेतले.

नको म्हणायचे होते. पण वडीलधाऱ्यांचा शब्द. पलंग मला मिळाला. रूढी टिकली.

पडलो आहे. पडवीत अजयने लॅपटॉप काढला आहे. दाराच्या फटीतून सगळे भोवती दिसतात. चंदाचा आवाज: मले द्या ना भाऊजी, आता माही बारी. मग आरडाओरडा. रंजीता सांगते आहे, झाडं पाहून वळव वो बाई, झाडं पाहून! मग एकदम टाळ्या. चंदा जिंकली वाटते. ती इतकी हसते हे विसरलो होतो.

सासरे म्हणाले, हळू जरा, मोठे जावई झोपले हायेत. सगळे कुजबुजायला लागले.

वारा थेट पायावर येतो आहे. थंडी वाजते. हाक मारून पांघरूण मागता आले असते. पण मी झोपलो आहे.