'स्थिर' लिहिल्यावर

४ नोव्हेंबर, मंगळवार
तिगाव. कौसल्याआजी आज वॉकर धरून पार अंगणापर्यंत आली. उन्हाळ्यात पडली तेव्हा डॉक्टरनं सुनेले सांगितलं होतं, दिवाळी पाहणार नाही. दिवाळी झाली. संस्थेकडून आठवड्यातून दोनदा माझं जाणं, बीपी, गोळ्यांची डब्बी, पायाचा व्यायाम, चार गोष्टी. एवढंच. फॉर्मवर 'तब्येत स्थिर' लिहिलं. खुशीत लिहिलं.

११ नोव्हें.
सुपरवायझर मॅडमचा फोन. स्थिर पेशंटच्या घरभेटी बंद. आता फक्त फोन.
"मॅडम, आपण जातो म्हणून तर स्थिर हाये."
"सुजाता, तूच लिहिलं न?"
मीच लिहिलं.

१४ नोव्हें.
भेटी बंद झाल्याचं सांगाले मी गेली. सून वनिता सकाळीच संत्र्याच्या तोडणीवर निघते, दिवस मावळता येते. तोवर आजी एकटी. वनितानं डब्बीतल्या गोळ्या दोनदा समजून घेतल्या. निघताना आजी म्हणे, "मंगळवारी येजो बाई." तिनं ऐकलंच नव्हतं.

२५ नोव्हें.
आजीच्या फोनची पाळी. वनितानं उचलला, मागं बायकांचा गलका. "बरं हाये ताई. झोपूनच राहते आजकाल." फॉर्ममध्ये झोपण्याचा रकाना नाही. 'फोन झाला' लिहिलं. दिवसभर मोहगावच्या भेटी. पण ते 'झोपूनच राहते'...

३० नोव्हें., रविवार
राहवलं नाही. सुट्टीच होती, गेली. खोलीत शिरल्याबरोबर वास. वॉकरवर चादरी वाळत घातलेल्या. आजीचे ओठ फुटलेले. पाणीच पीत नव्हती.
"काहून आजी?"
"लघवीले कोण नेईन मले?"
कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी जखम, कडा काळ्या. आजी माझ्याकडे पाहून म्हणे, "मंगळवार हाये काय?"
वनिता दारात. "रोज अंग पुसत होती ताई. पाठ पाहाचं सुचलंच नाही." काय रागावणार. गाडी बोलावली.

२ डिसें.
पांढुर्णा, दवाखाना. सलाईन. जखमेत पू, ताप उतरत नाही. डॉक्टर "पाहू" म्हणतात. मॅडमले फोन केला. घरभेटीच्या यादीत नाव परत टाकाचं तर नवा अर्ज, मग मंजुरी. किती दिवस? "ते वरून ठरते."
मी दुसरं काही लिहिलं असतं तर. एक शब्द.

४ डिसें.
ताप कमी. दुपारी दोन चमचे पेज पोटात गेली. वनिताचा चेहरा पहिल्यांदा मोकळा. "घरी नेलं तर तुम्ही येसान न ताई?"
हो म्हणून टाकलं. मंजुरी नाही, काही नाही.
आता संध्याकाळचे सहा. आजीचा श्वास पोटातून चालून राहिला. हाक मारली तर डोळे उघडत नाही. सिस्टरले सांगितलं, डॉक्टर येऊन राहिले म्हणे. वनिता खाली चहा आणाले गेली आहे.