दह्याची वाटी

मंगळवार, संध्याकाळ. मालाड.

दादाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आतड्यातले काही जीवाणू कॅन्सरचा धोका वाढवत असावेत, तेव्हा खाण्याकडे लक्ष द्या. आणि सख्ख्या भावंडांनी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. आमच्या घरात फक्त पहिली गोष्ट ऐकू आली. तेव्हापासून सुजाता, चांगले जीवाणू पोटात जावेत म्हणून, रोज माझ्यापुढे दह्याची वाटी ठेवते. बायकोला काहीतरी केल्याचं समाधान, मला काही न करण्याची सोय.

आज दिंडोशीला दादाकडे गेलो होतो. त्याने बसल्या बसल्या विचारलं, "तपासणी केलीस?"

"करतो रे. दही चालू आहे ना रोज."

"विरजण कुठलं?"

"वहिनीने दिलेलं. तुमच्याकडचंच."

"मग? मी तेच खातोय की, लग्न झाल्यापासून."

चिडून म्हणाला नाही. टीव्ही बघत म्हणाला.

घरी आलो तर वाटी झाकून ठेवलेली. मी घाबरलोय का? माहीत नाही. दही मात्र आज गेलं नाही. सुजाताला म्हटलं, तपासणीची वेळ घे.

तिने मोबाईल उचलला. दवाखान्याचा नंबर तिच्याकडे आधीच सेव्ह होता.