बुंदीचा झारा कोणाला द्यायचा याविषयी

तिसरी भाकरीही तव्यावर टाकताना मोडली. तीन तुकडे झाले, छप्पन साली निजामाच्या संस्थानाचे झाले तसे. आमच्याकडचा तुकडा सवयीप्रमाणे काठावर राहिला. तो मध्ये सरकवला, हात पुसले आणि हे लिहायला बसलो.

मी अंकुशराव माणिकराव बिरादार, वय सत्तर, धंदा लग्नाचा आचारी, राहणार हळ्ळीखेड (बी), तालुका हुमनाबाद, जिल्हा बिदर, लिहून ठेवतो की माझे मन शाबूत आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि हा कागद मी माझ्या हाताने, पीठ लागलेल्या, लिहीत आहे. शरीराविषयी इतक्या खात्रीने लिहिता येत नाही. डाव्या पायाचे एक बोट मागच्या वर्षी गेले. दुसरे उद्या कलबुर्गीच्या दवाखान्यात काढणार आहेत. कारण साखर. गावातल्या डॉक्टर सुधारानी म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरण्यासारखे नसेल तेव्हाच कागद करावा, अक्षर चांगले येते. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. राहते घर माझ्या पश्चात पत्नी सत्यभामाबाई हिचे. तिने ते कोणाच्या नावावर करावे हे तिला सांगण्याची माझी हिंमत नाही. हे लिहीत असताना ती दारात येऊन उभी राहिली.

"काय लिहायलाव?"

"मृत्युपत्र."

"आधी भाकर काढा. करपायलीय."

काढली. करपली होती. मी चाळीस वर्षे लग्ने जेवू घातली. हुमनाबादपासून आळंदपर्यंत आणि पलीकडे उदगीरपर्यंत माझी बुंदी गेली. पण लग्नात भाकरी नसते आणि घरात भाकरी बायका करतात, त्यामुळे ती मला कधी आलीच नाही. हजार माणसांचा भात डोळे मिटून करणारा मी, एका माणसाची भाकरी करताना घामाघूम होतो. ते एक माणूसही मीच.

कलम २. निर्णा रस्त्याकडची दीड एकर जमीन, जी मी माझ्या कमाईतून घेतली, ती सत्यभामाबाईची आणि तिच्यानंतर मुलगा बालाजी व मुलगी रेणुका यांची निम्मी निम्मी. माझी एक इच्छा आहे: तिथे ऊस लावू नये. मी लावला होता. विहीर होळीच्या आत तळाला गेली, आणि येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळा गाव आपापल्या शेतात जेवत असताना, आम्ही उसाच्या पानांनी हात कापून घेत बसायला जागा शोधत होतो. येळवशीच्या भज्जीला, म्हणजे मिसळीच्या भाजीला, ओली तूर लागते, ओला हरभरा लागतो, वाल, मेथी, कांद्याची पात, चिंच. ते सगळे त्या वर्षी बाजारातून आणले. शेताच्या मालकाने शेतात बसून बाजारचे खाल्ले. सत्यभामाबाईने आंबील वाढताना मला शेवटी वाढले.

आता तिथे ज्वारी आहे, मध्ये तुरीच्या ओळी, बांधाला जवस, कडेने काटेरी करडई. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते. वर्षभरात येळवशीचा तेवढाच एक स्वयंपाक होता ज्याला मला कोणी बोलावत नसे, आणि आता डॉक्टरीणबाई सांगतात की तसेच रोज जेवा.

कलम ३. हे कलम वाटणीचे नाही, खुलाशाचे आहे. वकील असता तर त्याने खोडले असते.

सुधारानींच्या दवाखान्याबाहेर लांब बाक आहे. मागच्या आषाढात मी त्यावर बसलो आणि डावी-उजवीकडे पाहिले. सगळे ओळखीचे. कोणाच्या लग्नात मी होतो, कोणाच्या मुलीच्या. माझीच पंगत होती, फक्त पत्रावळी नव्हत्या. आत गेल्यावर मी बाईंना म्हणालो, ही सगळी माणसे मी आजारी पाडली.

त्या हसल्या. "अंकुशअण्णा, एवढा मोठेपणा घेऊ नका. एका लग्नाच्या बुंदीनं कुणाला काय व्हायलंय? आता रोजचं ताट लग्नासारखं झालंय. पांढरा भात, गोड चहा, तळलेलं, अन् बसून काम. ते वीस वर्षं चाललं की मग शरीर हिशेब मागतंय. साखर, रक्तदाब, हृदय, सगळ्याचा धोका तिथनंच वाढतोय."

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. थोडा अपमान वाटला.

त्यानंतर मी भाकरीचा भक्त झालो. एका बैठकीत चार, वर गूळ, कारण गूळ काही साखर नव्हे असे माझे ठाम मत होते. महिन्याने रक्त दिले. आकडा वाढला होता. बाई म्हणाल्या, "अण्णा, भाकरीची पण पोटात साखरच होतीय, जरा सावकाश. निम्म्या ताटात भाजी दिसली पाहिजे, डाळ दिसली पाहिजे. उरलेल्या जागेत भाकर. अन् गूळ म्हणजे साखरच, फक्त कपडे मळके." आचाऱ्याला ताट कसे वाढायचे हे दुसऱ्याने शिकवावे, हे या वयात पाहायचे राहिले होते. पाहिले.

कलम ४. बिडाचा तवा रेणुकेला. ती उदगीरला शाळेत शिकवते आणि मला फोनवरून भाकरी शिकवते. "अप्पा, पाणी उकळतं घ्या. मळा. अजून मळा. अप्पा, तुम्ही पिठाला घाबरायलाव." तिने मला अजून पास केलेले नाही.

कलम ५. माझ्या तेराव्याला बुंदी करू नये. भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. स्वयंपाकाचे काम पिराजी आचारी यालाच द्यावे. मादन हिप्परग्याच्या लग्नात याच पिराजीने मांडवात सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले होते की अंकुशची जिलेबी आतून कच्ची आहे. मी त्याला कधी उत्तर दिले नाही. आता देतो. त्याने तीनशे माणसांच्या भाकऱ्या थापाव्यात. घरातल्या बायकांनी मदत करू नये. जिलेबी खरोखर कच्ची होती, हे त्याला भाकऱ्या संपल्यावर सांगावे.

कलम ६. मोठ्या कढया, पराती, पातेली, शेगड्या आणि धंद्याचे नाव मुलगा बालाजी याचे. ते तसेही तोच वापरतो. फक्त बुंदीचा झारा सोडून.

हा झारा मी हुमनाबादला मुद्दाम करवून घेतला. त्यातून पडलेला कण गोल पडतो. बालाजीला घर नको, जमीन नको, हा झारा हवा आहे. लहानपणापासून हवा आहे. दिवाळीत एका ऑर्डरच्या वेळी त्याने तो न विचारता नेला आणि तेल उडून त्याचा अंगठा भाजला. आता संक्रांत आली. अंगठा अजून ओला आहे. तो घरी मुक्कामाला आला की रात्रीतून उठून पाणी पितो, तांब्या ठेवल्याचा आवाज मला ऐकू येतो. माझ्या पायाच्या बोटाची सुरुवातही अशीच होती: एक साधी जखम आणि भरपूर पाणी. मी तेव्हा म्हणालो होतो की चप्पल चावली. वर्षभर म्हणत होतो.

मी त्याला रक्त तपासायला सांगितले. सत्यभामाबाईने सांगितले. सुधारानींनी निरोप दिला. तो म्हणतो, "मला काय बी न्हाई झालं अप्पा. मी अडतीसचा हाय, तुमच्यासारखा सत्तरचा न्हाई." मी अडतीसचा असताना हेच म्हणत होतो, फक्त तेव्हा विचारणारे कोणी नव्हते.

सबब लिहून ठेवतो की बालाजीने उपाशीपोटी रक्त तपासून त्याचा कागद डॉक्टर सुधारानींना दाखवल्याखेरीज झारा त्याला मिळणार नाही. आकडा चांगला येवो वा वाईट, अट तपासण्याची आहे. तोपर्यंत झारा सत्यभामाबाईकडे राहील. ती त्यातून उकडलेली मटकी निथळते. झाऱ्याची ही अवस्था पाहून तरी मुलाला वाईट वाटेल अशी आशा आहे.

इथपर्यंत लिहिले आणि बालाजी कलबुर्गीहून आला. उद्या मला नेण्यासाठी. जेवायला बसण्याआधी त्याने कागद उचलला. मी अडवले नाही. शेवटचे कलम त्याने दोनदा वाचले.

"झाऱ्याला रक्त लागतंय व्हय, अप्पा?"

"लागतंय. उपाशीपोटी."

"म्हणजे सकाळचा चहा पण न्हाई."

"चहा पण न्हाई."

"मग न्हाई जमायचं. चहाबिगर माझं डोळं उघडत न्हाईत." तो हसला. त्याचा चहा अर्धा साखर असतो; कपाच्या तळाला राहिलेली तो बोटाने खातो. मग त्याने माझी करपलेली भाकरी ताटात घेतली, उलटी केली, सुलटी केली. "ही कामून अशी हाय?"

"पोटात गेल्यावर गोल होतीय."

त्याने खाल्ली. मेथीची भाजी दोनदा घेतली. अंगठा ताटाला लागू नये म्हणून तो सबंध जेवणभर वर धरून होता. सत्यभामाबाई भाकरीकडे पाहत नव्हती, अंगठ्याकडे पाहत होती.

या कागदाची अंमलबजावणी रेणुकेने करावी. ती पेपर तपासते तशी करेल, म्हणजे कोणाला सवलत मिळणार नाही.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचला. कलम पाचला शेजारचे सिद्धेश्वर हसले, तरी त्यांनी सही केली आहे. आम्ही तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

सही: अंकुशराव माणिकराव बिरादार

साक्षीदार:
१. डॉ. सुधारानी, हळ्ळीखेड (बी). मजकूर लिहिणाऱ्याचे मन शाबूत असल्याबद्दलही सही.
२. सिद्धेश्वर, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी.

ठिकाण: हळ्ळीखेड (बी)
दिनांक: ९ जानेवारी २०२५

सह्यांच्या खालचे हे मृत्युपत्रात धरू नये. १० जानेवारी, सकाळ. कलबुर्गीच्या दवाखान्याच्या बाकावर लिहीत आहे. निघण्याआधी सत्यभामाबाईने चहा आणला. मला नव्हताच, ऑपरेशन आहे. बालाजीपुढे कप ठेवला. तो गाडीची काच पुसत राहिला. चहावर साय धरली. तो कप तसाच ठेवून आम्ही निघालो.